उतरायचं कसं? अलास्कासाठी छोटं जहाज निवडताना

२०२३ च्या दिवाळीत हर्णैला गेले होते तेव्हा लॅपटॉप बाबांसमोर ठेवून अर्धा तास अलास्काचे फोटो दाखवले. निळा बर्फ, व्हेल, किनाऱ्यावर गवत खाणारं अस्वल, सगळं. बाबांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "छान आहे गो बाय, पण ह्याच्यात धक्का दिसत नाही कुठे. बोटीतनं उतरायचं कसं?"

तेव्हा मी त्यावर फार विचार केला नाही. पुढे तीन महिने फोन, ईमेल आणि एक्सेल शीट ह्यात गेल्यावर कळलं की छोट्या जहाजाची क्रूझ निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, बाकीचे निम्मे प्रश्न त्याच्यातनंच निघतात. म्हणून सविस्तर लिहितेय, कारण आई-बाबा इकडे आले की त्यांना अलास्का दाखवायचं असं ठरवणारे माझ्या ओळखीत खूप जण आहेत.

आधी आमच्याबद्दल, कारण त्याशिवाय निवड का तशी झाली ते कळणार नाही. मी सिॲटलजवळ राहते. बाबा हर्णैचे, तेव्हा ७२ पूर्ण, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सपाटीवर चालतात पण जिना उतरताना कठडा लागतो. आई वाईची, पूर्ण शाकाहारी, आणि तिला बोट लागते, म्हणजे अगदी भाऊच्या धक्क्यावरनं रेवसला जाताना लाँचमध्येसुद्धा लागते. दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे. एप्रिल २०२४ मध्ये येणार होते.

सुरुवात सगळ्यांसारखी मोठ्या जहाजापासनंच झाली. सिॲटलहून सुटतात, घरापासनं अर्धा तास, आतली केबिन घेतली तर माणशी हजार डॉलरच्या आसपास, लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, सगळं आहे. बुकिंग करायला बसले आणि कार्यक्रमात शेवटच्या संध्याकाळी काही तासांसाठी व्हिक्टोरिया दिसलं. व्हिक्टोरिया म्हणजे कॅनडा. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो, जहाजातनं खाली उतरणार नसलात तरी लागतो, आणि तो नसेल तर सिॲटललाच चढू देत नाहीत. हे खूप जणांना शेवटच्या क्षणी कळतं म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता ह्या मोठ्या जहाजांना कॅनडाला जायची गरजच काय, ह्याच्यामागे १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातनं माणसं घेऊन अमेरिकेतल्याच दुसऱ्या बंदरात सोडता येत नाही, आणि सिॲटलहून निघून परत सिॲटललाच यायचं तरी मधे परदेशी बंदर लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याची असतात. अलास्कात फिरणारी बरीच छोटी जहाजं मात्र अमेरिकेत बांधलेली, अमेरिकन झेंड्याची आणि अमेरिकन खलाशांची असतात, त्यामुळे ती जूनोहून निघून जूनोलाच परत येतात आणि कॅनडाच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत. सिॲटलहून जूनोला विमानाने अडीच तास. जूनो अलास्काची राजधानी आहे पण तिथे बाहेरनं रस्ताच येत नाही, विमान नाहीतर बोट. म्हणजे छोट्या जहाजाचा विचार आमच्या घरात निसर्गप्रेमापोटी नाही, व्हिसापोटी सुरू झाला. पण मग वाचत गेले आणि मोठं जहाज मनातनं उतरलंच.

कारण काय ते सांगते. मोठ्या जहाजात दोन ते चार हजार माणसं असतात आणि ते जूनो, स्कॅग्वे, केचिकान अशा धक्का असलेल्या गावांनाच लागतं. जूनोची वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास, आणि तिथे एका दिवसात इतकी जहाजं यायला लागली की शेवटी २०२४ पासनं दिवसाला पाचच मोठी जहाजं अशी मर्यादा ठरवावी लागली. मला आई-बाबांना गर्दीचा बाजार दाखवायचा नव्हता. मला त्यांना ती बेटं दाखवायची होती जिथे काहीही नाही. अलास्काचा हा आग्नेयेकडचा पट्टा म्हणजे शेकडो बेटं, मधनं अरुंद खाड्या, आणि कडेने टाँगास नावाचं जंगल, जवळपास पावणेदोन कोटी एकरांचं, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन. तिथे साठ-सत्तर माणसांचं जहाज एखाद्या निर्मनुष्य खाडीत शिरतं, नांगर टाकतं, आणि रबरी बोटीतनं माणसं किनाऱ्यावर नेतं. म्हणजे परत बाबांचा प्रश्न.

पहिल्या वेळी मी हा प्रश्न विचारला नाही आणि त्याची किंमत मोजली. एका कंपनीच्या साइटवर आजी-आजोबांचे हसरे फोटो होते, फोनवरच्या मुलीने "सगळ्या वयाचे लोक येतात" असं सांगितलं, ऑफर दोन दिवसांत संपत होती, मी माणशी पाचशे डॉलर डिपॉझिट भरून टाकलं. नंतर जहाजाचा नकाशा मागवला. लिफ्ट नाही. आमची केबिन सगळ्यात खालच्या मजल्यावर, जेवणाची खोली दोन मजले वर, जिने शिडीसारखे उभे. बाथरूम म्हणजे एक कपाट, त्यातच कमोड आणि त्याच्याच डोक्यावर शॉवर. आणि रबरी बोटीत उतरायला जहाजाच्या कुशीला लावलेली हलती शिडी. बाबांना ते जमलं नसतं. डिपॉझिट परत मिळालं नाही, करारात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं आणि मी ते आधी वाचलं नव्हतं. दीड हजार डॉलर गेले. वाईट खूप वाटलं, पण त्या रात्री बसून प्रश्नांची यादी केली आणि पुढच्या प्रत्येक कंपनीला पैसे भरायच्या आधी नकाशा आणि करार मागितला.

यादीत सगळ्यात वर, उतरायचं कसं. आणि ह्याचं उत्तर "आमचे लोक मदत करतात" असं आलं तर ते उत्तर नाही. किती पायऱ्या, कठडा दोन्ही बाजूंना आहे का, जहाजाच्या मागच्या बाजूला पाण्याच्या पातळीला फळी आहे का, बोट त्या फळीला समांतर लागते का. काही जहाजांना मागे असा सपाट ओटा असतो, तिथनं कयाकही (वल्ह्याच्या छोट्या होड्या) सोडतात आणि रबरी बोटीतही जवळजवळ एका पातळीवरनं पाऊल टाकता येतं. हे कळल्यावर माझी यादी अकरा जहाजांवरनं चारवर आली. मग किनाऱ्याला लागल्यावर काय, कारण तिथेही धक्का नसतो, बोटीचं नाक गोट्यांवर चढवतात आणि घोटाभर पाण्यात उतरावं लागतं, गमबूट घालून. एका कंपनीतल्या बाईंनी मला बोटीच्या नाकापाशी ठेवायच्या पायरीचा फोटो काढून पाठवला, उंची इंचात लिहून. मी तिथेच निम्मी पटले.

दुसरं, जो उतरणार नाही त्याचं काय. हे फार महत्त्वाचं आहे. सकाळी तरुण मंडळी जंगलात चार तास चिखलातनं चढत जातात, ते आई-बाबांना झेपणारं नव्हतंच. तेव्हा त्याच वेळी बोटीतनं किनाऱ्याकडेने फेरी आहे का, की जहाजावर बसून कॉफी प्यायची? चांगल्या जहाजांवर रोज तीन-चार पर्याय असतात आणि आदल्या रात्री जेवणानंतर नाव नोंदवायचं असतं.

डॉक्टर. बऱ्याच छोट्या जहाजांवर डॉक्टर नसतो, प्रथमोपचार शिकलेले खलाशी असतात. हे आधी ऐकून मी घाबरले होते. इमर्जन्सी झाली तर जवळच्या गावी नेतात किंवा कोस्ट गार्डचं हेलिकॉप्टर बोलावतात, त्यांचा एक तळ ह्याच पट्ट्यातल्या सिटका गावाला आहे. पण ढग खाली आले असतील तर हेलिकॉप्टरला वेळ लागू शकतो हे गृहीत धरूनच जायचं. मी बाबांच्या पुण्याच्या डॉक्टरांशी बोलले, बीपीच्या गोळ्या दुप्पट घेतल्या आणि त्या दोन वेगळ्या बॅगांत ठेवल्या, आणि व्हिजिटर इन्शुरन्समध्ये दुर्गम भागातनं हॉस्पिटलला हलवण्याचा खर्च धरलाय का ते लेखी मागून घेतलं. तोंडी सांगितलेलं धरू नका.

तिसरी अडचण तिघांची केबिन. छोट्या जहाजांवर केबिन दोघांची असते, तिसरा माणूस वेगळ्या केबिनमध्ये एकटा राहिला तर त्याला जवळपास दुप्पट पैसे पडतात. चार जहाजांपैकी दोनच जहाजांवर तिघांची सोय होती, म्हणजे वर बंक.

आता मार्ग. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो वेळ सत्कारणी लागला असं मला वाटतं. "अलास्का ७ रात्री" असं लिहिलेल्या दोन सहलींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. काही ग्लेशियर बेमध्ये जातात, काही जातच नाहीत, काही एक दिवस, काही दोन. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे रोज मोठी जहाजं दोनच सोडतात, छोट्या जहाजांनाही कोटा आहे, त्यामुळे परवाना नसलेली कंपनी तिथे नेऊ शकत नाही. तरीही माहितीपत्रकावर हिमनदीचा फोटो असतोच, तो दुसऱ्याच खाडीतला असू शकतो. खाड्यांची नावं विचारायची. आणि नावं मिळाली की कुठल्या महिन्यात काय बंद असतं तेही बघायचं, उदाहरणार्थ ग्लेशियर बेमधलीच जॉन्स हॉपकिन्स खाडी मे-जूनमध्ये बंद असते, कारण तिथल्या बर्फाच्या तुकड्यांवर सील पिल्लं घालतात. अजून एक, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ट्रेसी आर्म खाडीच्या टोकाला डोंगराचा प्रचंड भाग कोसळून खाडीत मोठी लाट उठली, तेव्हा आता कोणी जाणार असेल तर ट्रेसी आर्म कार्यक्रमात आहे का आणि त्याच्याऐवजी कुठे नेणार हे स्पष्ट विचारा.

खरं सांगायचं तर फक्त ग्लेशियर बे आणि एक मोठी हिमनदी बघायची असेल तर मोठं जहाजही पुरतं. वरच्या डेकवरनं दिसतं छान. व्हिसा असेल, गुडघे दुखत असतील, बजेट कमी असेल तर बिनधास्त जा. आणि फक्त खाड्या बघायच्या असतील तर सरकारी फेरी आहे, १९६३ पासनं चालते, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून केचिकान-जूनोपर्यंत जाते. पण ती कुठे हिमनदीसमोर थांबत नाही, स्थानिक लोकांची एसटीच ती.

महिना आम्ही जूनचा पहिला आठवडा निवडला. मे आणि जून तिथे त्यातल्या त्यात कोरडे, सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात पावसाळी. जूनमध्ये उजेड अठरा तास. हंपबॅक जातीचे व्हेल हवाईहून परत आलेले असतात, हिवाळ्यात ते पिल्लं घालायला तिकडे जातात आणि उन्हाळ्यात खायला इकडे येतात.

आईच्या बोट लागण्याचं मी दोन गोष्टी बघून ठरवलं. ह्या मार्गाचा बहुतेक भाग बेटांच्या आडोशाला आहे, उघडा पॅसिफिक फार थोड्या ठिकाणी लागतो, आणि जूनो ते जूनो मार्गात तर जवळपास नाहीच. सिटकाला जाणाऱ्या मार्गांमध्ये कधीकधी उघड्या समुद्रातला तुकडा येतो म्हणून ते सोडले. केबिन मधल्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घेतली, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. नांगराच्या साखळीजवळची नको, पहाटे पाचला ती खडखडते. आईला सात दिवसांत एकदाच त्रास झाला, चॅटम सामुद्रधुनीत दक्षिणेचा वारा सुटला तेव्हा, तेही तासभर.

जेवणासाठी मी दोन महिने आधी ईमेल केली. जूनोत भाजीपाला बहुतेक सिॲटलकडनंच बार्जवर येतो आणि जहाज एकदा निघालं की मधे दुकान नाही, त्यामुळे आयत्या वेळी सांगून उपयोग नाही. नुसतं शाकाहारी म्हणून न थांबता मासे नाहीत, कोंबडीच्या रश्शातलं सूप नाही, अंडं चालतं असं फोडून लिहिलं. आचाऱ्याने मसूर, राजमा, चणे, भात घेतो असं कळवलं आणि खरंच घेतले होते. आईने मेतकूट आणि लसणाची चटणी नेली होतीच. बाबांनी मात्र रोज मासे खाल्ले, सामन हे रावसापेक्षा चरबट आहे आणि हॅलिबट चवीला काहीच नाही असं त्यांचं मत पडलं.

पैसे, माणशी ५,६०० डॉलर, तिसऱ्याला थोडी सूट, वर विमान आणि इन्शुरन्स. खूप आहेत. आम्ही दोन वर्षं दुसरीकडे कुठे गेलो नाही. पण ह्याच्यात सगळ्या फेऱ्या, गमबूट, कयाक, वाटाडे धरलेले असतात आणि मोठ्या जहाजावर प्रत्येक बंदरात व्हेल बघायचे वेगळे पैसे लागतात, तेव्हा तुलना करताना ते मिळवून करा. तरी छोटं महागच पडतं.

कपड्यांचं एकच सांगते, छत्री नेऊ नका. पाऊस हर्णैसारखा कोसळत नाही, बारीक रिपरिप दिवसभर, आणि वाऱ्यात छत्री टिकत नाही. थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर चांगला रेनकोट आणि रेनपँट, कानटोपी, हातमोजे दोन जोड. जूनमध्येही हिमनदीसमोर हवा फ्रिज उघडल्यासारखी अंगावर येते.

आणि मग प्रत्यक्ष. दुसऱ्या दिवशी ग्लेशियर बेच्या तोंडाशी बार्टलेट कोव्हला थांबलो, तिथे उद्यानाची रेंजर जहाजावर आली. तिने सांगितलं की १७९४ मध्ये ब्रिटिश कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक आले तेव्हा ही खाडी नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आला तोपर्यंत बर्फ सत्तर किलोमीटरच्या वर मागे गेला होता, आणि आज खाडी शंभर किलोमीटरच्या वर आत जाते. पण त्याच्याही आधी इथे हूना त्लिंगित ह्या मूळ रहिवासी लोकांची गावं होती, पुढे सरकणाऱ्या बर्फाने त्यांना हुसकावलं. २०१६ मध्ये त्यांचं घर, देवदाराच्या फळ्यांचं कोरीव, परत ह्याच किनाऱ्यावर उभं राहिलं. बाबा त्या घरासमोर बराच वेळ उभे होते. आमच्या मूळ घराची जागाही समुद्राने खाल्लेली आहे, त्याबद्दल ते सहसा बोलत नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत.

मार्जरी हिमनदीसमोर कॅप्टनने इंजिन अगदी हळू केलं. दीड किलोमीटरच्या वर रुंद, पाण्याच्या वर अडीचशे फूट. आधी तुकडा पडताना दिसतो, आवाज नंतर येतो, बंदुकीसारखा नाही, लांब गडगडाट. त्लिंगित लोक त्याला पांढरी मेघगर्जना म्हणतात. आईने हात जोडले.

पण मला सांगायचंय ते पाचव्या दिवसाचं. एंडिकॉट आर्म खाडी, पाणी हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठाने दुधाळ हिरवं, आणि त्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे. रबरी बोटीतनं जायचं होतं. मागच्या ओट्यावर आम्ही रांगेत, लाइफजॅकेट, गमबूट. थोडी लाट होती. खलाशी मुलगा, असेल पंचवीसचा, प्रत्येकाला समजावत होता की हाताचा पंजा धरायचा नाही, मनगटाला मनगट धरायचं, आणि बोट वर येईल तेव्हा पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही.

बाबांना त्याचं इंग्रजी कळलं नसावं. मी भाषांतर करायला वळले तर त्यांनी आधीच त्याचं मनगट धरलेलं. लहानपणी मुंबईहून येणारी बोट हर्णैसमोर खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरनं पडाव यायचा आणि चालत्या लाटेवर बोटीतनं पडावात उतरायचं, हे मी त्यांच्या तोंडनं शंभरदा ऐकलंय, त्यांची आजी बोचकं आधी टाकायची आणि मग नातवाला. 'रोहिणी', 'कोकण सेवक' ही बोटींची नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जातात. बाबा एक लाट जाऊ देऊन थांबले. दुसरी आली, बोट वर चढली, आणि त्यांनी ऑपरेशनचा पाय मागे ठेवून चांगला पाय पुढे टाकला आणि खाली बसले. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, ह्यांनी हे आधी केलंय.

मग बाबांनीच वर हात केला, आईसाठी. "थांब," म्हणाले, "ही जाऊ दे. आता ये."